मुरांबा नव्हता तो

या खेपेला मी घरातून निघालोच नाही. ठाण्यात नौपाड्यातल्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरून निघालो. बॅग नर्सच्या टेबलाखाली ठेवलेली, पासपोर्ट शर्टाच्या खिशात, आणि आई आत पलंगावर, एका हाताला सलाइन लावलेलं. तिने दुसरा हात जरासा वर केला आणि म्हणाली, "पोचलास की फोन कर." अकरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा जर्मनीला गेलेलो तेव्हाही ती हेच म्हणालेली. तेव्हा ती डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगच्या गेटापाशी उभी होती. अर्धी बिल्डिंग खाली आलेली, शेजारच्या काकू माझ्या पिशवीत चकल्या कोंबत होत्या, आणि बाबांनी दोन्ही बॅगांना सुतळीने नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. तेव्हा मला भीती वाटत होती ती विमानाची, थंडीची आणि तिकडच्या बॉसची. आता त्याचं हसू येतं. यंदा लिफ्टने खाली येताना भीती वेगळीच होती. आई त्या पलंगावर होती ती कदाचित माझ्यामुळे, आणि हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

म्हणून लिहितोय. मागे घरी राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे निघून आले आणि दर फोनला दचकतात त्यांच्यासाठीही.

आईचं केमो जानेवारीत सुरू झालं. फेब्रुवारीच्या शेवटी मी पाच आठवड्यांची रजा काढून आलो. बायको आणि मुलगी जर्मनीतच, मुलीची शाळा होती. आल्या आल्या डॉक्टर मॅडमनी मला समोर बसवून नियम सांगितले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, साध्या जंतूंनाही अंग तोंड देऊ शकत नाही. कच्चं काही द्यायचं नाही, बाहेरचं नाही, शिळं तर अजिबात नाही. ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला तर विचार करत बसायचं नाही, उचलायचं आणि आणायचं. मी सगळं फोनमध्ये टाइप करून घेतलं. मी मुळातलाच भित्रा. लहानपणी गच्चीवर पतंग उडवतानासुद्धा मी कठड्यापासून चार हात लांब असायचो. त्या दिवसापासून तर घरातली प्रत्येक वस्तू आईच्या जिवावर उठल्यासारखी वाटायला लागली. ओट्यावरचं फडकं, पाण्याचा माठ, दारात पडणारा पेपर. कुणी खोकलं की मी त्याच्याकडे चोराकडे बघावं तसा बघायचो.

आई मात्र वेगळ्याच गोष्टीने कावलेली. "काही लागतच नाही रे," ती म्हणायची. "भात खाल्ला तरी लोखंड चाटल्यासारखं. जरा आंबटगोड काहीतरी दे की मला." कच्चं फळ चालणार नव्हतं. तेव्हा मला कोंपोट आठवलं, थोड्या साखरेत शिजवलेली फळं.

मी तिकडे राहतो त्या घरात खालच्या मजल्यावर ऐंशीच्या पुढच्या एक बाई आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या परसात बेरी येतात, आणि माझ्या पहिल्याच वर्षी त्यांनी मला हा प्रकार शिकवला. त्यात शिकवण्यासारखं खरं तर काही नाही. फडके रोडवरून मी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे दोन डबे आणले, एका गाडीवर तुती मिळाल्या त्याही घेतल्या. मिठाच्या पाण्यात धुतल्या, परत साध्या पाण्यात धुतल्या, भीतीपोटी परत एकदा धुतल्या. देठ काढून स्ट्रॉबेरीचे दोन-दोन तुकडे केले. जाड बुडाच्या पातेल्यात फळं आणि तीन चमचे साखर घालून पंधरा मिनिटं ठेवलं, की त्यांचंच पाणी सुटतं. मग मंद गॅसवर दहा मिनिटं, दालचिनीचा एक तुकडा, शेवटी अर्धं लिंबू. अर्धी फळं विरघळतात, अर्धी तशीच राहतात, की झालं. साखर जास्त घालायची नव्हती, कारण औषधांनी आईची शुगर वर गेलेली. पाक नाही, तार नाही. म्हणूनच ते फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चार-पाच दिवसांत संपवायचं. खालच्या बाईंनी हे मला बजावून सांगितलेलं.

निवलेलं कोंपोट मी वाटीत घालून आईपुढे ठेवलं.

"काय आहे हे?"

"कोंपोट."

आईने बाबांकडे बघितलं, बाबांनी वाटीकडे. आधीच दिवसभर नवनवीन नावं त्यांच्या कानांवर आदळत होती, गोळ्यांची, इंजेक्शनांची, टेस्टची. त्यात हे आणखी एक.

"अगं मुरांबाच," मी म्हणालो. "स्ट्रॉबेरीचा."

तिने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तोंडातच घोळवलं. "हे लागतंय रे मला," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून तिथेच उभा राहिलो, कारण रडताना मला कुणी बघितलेलं आवडत नाही. त्यानंतर दर दोन दिवसांनी मी थोडं थोडं करत होतो, आणि ती पोळीच्या घासाला लावून खात होती. मुरांबा दे म्हणायची. मीही मुरांबाच म्हणायला लागलो. तिकडे राहून इकडच्यांना काही समजावताना मी नेहमी हेच करतो. माझ्या नोकरीला मी मशीनचं काम म्हणतो, इन्शुरन्सला सरकारी योजना म्हणतो. सोपं पडतं. खरं काय ते सांगायला वेळ लागतो, आणि वेळ माझ्याकडे कधीच नसतो.

परतीचं विमान गुरुवारचं होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी मला चार दिवस पुण्याला सासऱ्यांकडे जावं लागलं. म्हणून बुधवारी मोठं पातेलंभर कोंपोट करून काचेच्या बाटलीत भरलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी मी दारात बूट घालतोय, टॅक्सी खाली आलेली, ड्रायव्हरचा दुसरा फोन वाजतोय, तेवढ्यात बाबा मागून आले.

"टिकेल ना रे हा सगळा?"

"मुरांब्याला काय होतंय, बाबा?" मी म्हणालो आणि जिना उतरलो.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबांनी चौतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं. त्यांना काम सांगितलं की ते सांगितल्याबरहुकूम होणार. आमच्याकडे आंब्याचा मुरांबा दर मे महिन्यात होतो, चिनीमातीच्या बरणीत जातो, वरच्या फळीवर बसतो आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत पुरतो. त्याला ओला चमचा लावायचा नाही. आणि मुरांबा फ्रिजमध्ये ठेवलेला माझ्या आईने कधी ऐकलेलासुद्धा नाही.

सोमवारी सकाळी मी पुण्याहून आलो, हात धुतले, फ्रिज उघडला. बाटली नव्हती.

"फ्रिजमधलं गार खाऊन तिला घसा धरला असता," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता. "म्हणून त्याच दिवशी बरणीत काढला. बरणी उकळत्या पाण्याने धुतली, दिवसभर उन्हात वाळवली. वर दादरा बांधलाय बघ. चमचा वेगळा ठेवलाय, कोरडा."

फळीवर बरणी होती. तोंडाला पांढरं स्वच्छ फडकं, सुतळीने आवळलेलं. मी गाठ सोडली. वर बारीक फेस आलेला, कडेने बुडबुडे धरलेले, आणि वास ताडीसारखा. मार्चातली डोंबिवली, दुपारी भिंतीसुद्धा तापतात. चार दिवस ते तिथे होतं.

"हे कधी खाल्लंय तिने?"

"रोज. आत्ता सकाळीसुद्धा, दोन चमचे."

मी ओरडलो. बाबांवर आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो, ते त्या दिवशी ओरडलो. एवढं कळत नाही का तुम्हाला, नाकाला वास येत नाही का, असं काय काय बोललो. बाबा हातात सुतळी घेऊन उभे होते. वर्षानुवर्षं सर्दीने त्यांच्या नाकाला वास येतच नाही, हे मला माहीत आहे.

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "कशाला ओरडतोस त्यांच्यावर? जरा आंबूस लागत होता. मला वाटलं, माझीच जीभ."

मी हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून सांगितलं, ताप बघत राहा, पाणी द्या, चढला की लगेच आणा. मग मी थर्मामीटर घेऊन आईसमोर खुर्ची टाकून बसलो. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. तासाभराने अठ्ठ्याण्णव पॉइंट आठ. तिचा हात हातात घेतला की मला तो गरम लागायचा, सोडला की वाटायचं आपलाच हात गार पडलाय. "तू असा बघत बसलास तर मला तापच येईल," ती म्हणाली आणि हसली. मला हसू येईना. तिला काही झालं तर, इथपर्यंत विचार यायचा आणि तिथेच अडायचा. त्याच्या पुढे मी कधी गेलोच नाही.

मंगळवारी दुपारी एक वाजता शंभर पॉइंट आठ.

टॅक्सीत बाबा पुढे बसले, मांडीवर फाइल. मी आईला घेऊन मागे. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ती शाल गुंडाळून कुडकुडत होती. शीळफाट्याला ट्रकांच्या मागे जे अडकलो ते हलेचना. ड्रायव्हरला मी दहा वेळा विचारलं, दुसरा रस्ता नाही का. तो बिचारा काय करणार, त्याने एसी बंद केला आणि आईसाठी पाण्याची बाटली मागे दिली. आईने डोकं माझ्या खांद्यावर टाकलेलं. तिच्या डोक्याला केस नव्हते, आणि तो ताप शर्टातून मला भाजत होता. मी देवाला मानत नाही असं तिकडे सगळ्यांना सांगत असतो. त्या अर्ध्या तासात मला येत होतं तेवढं सगळं म्हणून झालं, अगदी शाळेतली प्रार्थनासुद्धा.

हॉस्पिटलमध्ये आईला आत नेलं, रक्त घेतलं, सलाइन लावलं. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "खाण्यात काही वेगळं आलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाले. "एक पदार्थ मी फ्रिजबाहेर ठेवला होता, चार दिवस. तो खराब झाला. चूक माझी आहे."

मॅडमनी लिहून घेतलं. आजोबा, असं करायचं नाही, एवढंच शांतपणे म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मुरांब्याला काय होतंय, हे माझे शब्द माझ्या कानांत वाजत होते, आणि मी भिंतीवरचा कसलातरी तक्ता वाचत होतो. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्याच्याने बोलवलं नाही.

बुधवारी ताप उतरला. मॅडम म्हणाल्या, पेशी फार खाली गेल्यात, या आठवड्यात असा ताप एरवीही येतो, त्या पदार्थामुळेच आला असं सांगता येणार नाही. त्यामुळे आला नाही असंही त्या म्हणाल्या नाहीत. विमान पुढे ढकलतो म्हटलं, तर बाबा म्हणाले, "तू जा. रजा संपली ना तुझी? मी आहे." आणि मी गेलो. खरं सांगायचं तर मला तिथून पळायचं होतं.

आई आता घरी आहे. दोन केमो राहिलेत. पण बाबा बदलले. चहासुद्धा करत नाहीत, पोळीभाजी करणाऱ्या बाई येतात. दिवसातून दोन-तीनदा फोन असतो. दूध तापवून किती वेळ झाला की टाकायचं? काल उघडलेला बिस्किटाचा पुडा चालेल का? चौतीस वर्षं ज्यांनी स्टोअर एकहाती सांभाळलं, ते मला बिस्किटं विचारतात, आणि मी इथे ऑफिसात कोपऱ्यात जाऊन, हो बाबा, चालेल, असं सांगतो.

मागच्या रविवारी मात्र राहवलं नाही. म्हटलं, "बाबा, तुमचं चुकलं नव्हतं. टिकेल का म्हणून तुम्ही विचारलेलंत. मीच मुरांबा म्हणालो. डॉक्टरांसमोर मी गप्प बसलो."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"माहीत आहे रे मला," ते म्हणाले. "दारात विचारलेलं मी तुला. तू बूट घालत होतास."

"मग तसं का नाही सांगितलंत त्यांना?"

"तुला गुरुवारी निघायचं होतं. एवढ्या लांब जाऊन एकटा ते घेऊन बसला असतास. मी इथेच आहे, ती समोर दिसते मला. मला सोपं होतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हळू बोल, आत्ता डोळा लागलाय तिचा."

पूर्वी कुणी घर कुठे विचारलं की मी डोंबिवली ईस्ट म्हणायचो, मग काही वर्षांनी जर्मनीतला पत्ता सांगायला लागलो. आता मला दोन्ही बरोबर वाटत नाही. जिथे माझी चूक कुणीतरी न बोलता आपल्या नावावर घेतं ते घर, असं मला वाटतं, आणि तशी माणसं जगात दोनच आहेत. एक आजारी आहे, आणि दुसरे येत्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण करतील.