लढाईचा दगड आणि ओढ्यातलं बाळ

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर शिफ्टच्या ब्रेकमध्ये टाइमपास म्हणून वाचत आले... खोटं कशाला बोलू, हसायचेही. मी मिडवाइफ आहे. आधी पुण्यात होते, आता ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या एका हॉस्पिटलमध्ये. भूतबित कधी मानलं नाही. आज मानते का, माहीत नाही. पण हे सांगताना भीतीपेक्षा लाजच जास्त वाटते.

२०२०चा ड्राय सीझन, म्हणजे इथला बिनपावसाचा काळ. कोविडमुळे आमच्या नॉर्दर्न टेरिटरीच्या बॉर्डर्स बंद, इंडियाच्या फ्लाइट्स बंद, पण आतल्या आत फिरायला परवानगी मिळाली होती. मी आणि माझा नवरा समीर गाडी काढून कॅथरिन गावाच्या दिशेने निघालो. वाटेत हायवे सोडून एका आतल्या रस्त्याला लागलो... जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तिथल्या लोकांना आवडणार नाही. रस्त्याच्या कडेला दगडी खांब, त्यावर पितळी पाटी. मागे उंच वाळलेलं गवत, त्यापलीकडे कोरडा ओढा. भर दुपार.

गोरे वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यात इथे लढाई झाली, असं पाटीवर लिहिलं होतं.

"म्हणजे इथलं सिव्हिल वॉरच की," असं म्हणत समीर फोटो काढायला लागला.

तेवढ्यात ओढ्याकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

तो आवाज मी रोज ऐकते. नुकतं जन्मलेलं, भुकेलं बाळ. समीरनेही ऐकलं. "अगं, इथे कोण असणार?" मी विचार न करता गवतातून धावले, ओढ्यात उतरले. कोणी नाही. तंबू नाही, गाडी नाही, नुसती वाळू. आणि रडणं तर अगदी माझ्या पायाशी! मग ते एकदम तुटलं. बाळं अशी थांबत नाहीत हो... हुंदके देत, मुसमुसत थांबतात.

मी पळाले. गाडीत बसून दार लॉक केलं.

"खरंच बाळ असेल तर?" समीर काचेबाहेरून विचारत होता.

"नाहीये. तू बस आधी!"

"गौरी, तू मिडवाइफ आहेस."

"चल म्हणते ना!"

आणि आम्ही निघालो. रेंज आल्यावर पोलिसांना फोन त्यानेच केला, मी नाही. त्यांनी जाऊन बघितलं. ओढ्यातल्या वाळूत एकाच माणसाच्या बुटांचे ठसे होते... माझ्या. "नो वरीज, कर्ल्यू असेल," ते म्हणाले. हा पक्षी बाळासारखा रडतो, खरंय. आमच्या कारपार्कमध्येही रडतो. पण रात्री!

मार्लीन आमची सीनियर मिडवाइफ. इथलं काम मला तिनेच शिकवलं. ती इथल्या मूळ रहिवाशांपैकी, तिची आजी त्याच भागातली. पण तिला सांगायचं मला किती दिवस धाडसच होईना. शेवटी एका आर्व्होला, म्हणजे दुपारी, चहा घेताना, मास्क हनुवटीवर ओढून सगळं सांगितलं. पाटीवर काय लिहिलंय तेही.

"बॅटल? लढाई नव्हती ती, कत्तल होती," ती म्हणाली. मग हळूच सांगू लागली, "माझ्या आजीची आई त्या ओढ्यात लपली होती, बाकीच्या बायकांबरोबर. वर घोड्यांवर गोरे बंदूकवाले. आवाज झाला असता तर सगळ्याच गेल्या असत्या. म्हणून बायकांनी बाळांच्या तोंडावर हात दाबून धरले. एक बाळ त्यातच गेलं."

"कोणाचं?"

"तिचंच. पहिलं."

मला तिच्याकडे बघवेना. "मी पळून आले, मार्लीन."

"हो, ऐकलं मी," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढे एकदा ती मला तिथे घेऊन गेली. ओढ्याच्या काठावर उभं राहून तिने आपल्या गेलेल्या माणसांना मोठ्याने हाक मारली, तिच्या भाषेत. मग मला म्हणाली, "तू कोण, कुठून आलीस, सांग त्यांना." मला इंग्रजी सुचेना. मराठीतच म्हणाले, "मी गौरी. पुण्याची. बाळंतपणं करते." पुढचं 'चुकले' म्हणायचं राहूनच गेलं.

वाऱ्याने गवत हललं. बाकी काही नाही. तो आवाज परत कधीच आला नाही.

समीर अजून पक्षीच म्हणतो, पण त्याच्याही आवाजात दम नसतो. तुम्हाला काय वाटतं, ते खाली लिहा. वॉर्डात बाळ रडलं की हल्ली सगळ्यात आधी मी पोचते... मार्लीन ते बघते.