गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या गिअरमध्ये

कांग तुमिरानचा, म्हणजे तुमिरानदादाचा, डावा पाय मी त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाहिला आहे. मंडळीच्या गाडीत माझी जागा ड्रायव्हरशेजारी. लुद्रुक म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य; त्यात राण्या, नायिका, खाष्ट सासवा सगळ्या आम्ही पुरुषच करतो. माझा अंबाडा मागच्या दाटीत चेंगरायचा, म्हणून राणीसाहेब पुढे. खेळ रात्रभर चालायचा आणि आम्ही परतायचो ते ऊन कोवळं असताना, अर्धवट पुसलेल्या रंगानिशी. मागे ढोलकीवाला घोरत असायचा आणि माझ्या नजरेसमोर तुमिरानचा तो पाय. रबरी सपातेतला, रुंद बोटांचा, सतत क्लचवर ठेवलेला.

मोजोकर्तोच्या साखर कारखान्यावर तो उसाच्या ट्रकवर शिकला होता. हंगामात ट्रकांची रांग फाटकापासून पार नदीपर्यंत जायची. पुढचा ट्रक हातभर सरकला आणि तुम्ही सरकला नाहीत, तर त्या फटीत दुसराच कुणीतरी नाक खुपसायचा. म्हणून सगळे ड्रायव्हर पहिला गिअर टाकून, क्लच तळाशी दाबून ताटकळायचे. कुणी गिअर काढून पाय सैल सोडला की मागून आरोळी यायची, "काय रे, ऊस टाकायला आलास की डुलकी काढायला?" पुढे तो ट्रक सुटला. तुमिरानने स्वतःची जुनी मिनीबस घेतली. एरवी बाजार ते स्टँड फेऱ्या करायचा आणि खेळ लागला की आम्हाला न्यायचा. पण त्याचा पाय काही त्या रांगेतून बाहेर पडला नाही.

आमचे कपडे निंग कासियेम सांभाळायची. विधवा बाई, हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. विंगेत मी श्वास रोखून उभा राहायचो आणि ती माझ्या चोळीचे बंद आवळत म्हणायची, "राणी, भात कमी खा. प्रजा उपाशी आहे." रंगमंचावर मी शंभरदा विरहाने मूर्च्छित पडलो असेन. पण विरह कसा दिसतो, ते मला गाडीतल्या आरशात कळलं. तुमिरान तो आरसा मागच्या रस्त्यावर न लावता तिसऱ्या बाकाच्या खिडकीवर लावायचा. तिथे कासियेम बसायची.

तिला तो सगळ्यात शेवटी सोडायचा, मग गाडीत उरायचो फक्त मी. तिची गल्ली इतकी अरुंद की मोटारसायकलसुद्धा ढकलत न्यावी लागे. कमानीवर पाटी होती, 'इंजिन बंद करून आत यावे'. आमच्याकडे प्रत्येक गल्लीत ती असते, आणि तिच्यामागे न लिहिलेला कायदाही असतो. गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू असेल तर तुम्ही वाटसरू. बंद केलंत की पाहुणे. मग आधी गल्लीप्रमुखाच्या ओसरीवर बसायचं, कुणाकडे आलो ते सांगायचं. आणि जिच्याकडे आलो ती एकटी बाई असेल, तर दुपारपर्यंत ती बातमी विहिरीपासून मशिदीपर्यंत पोचलेली असायची. एकट्या बाईकडे पुरुषाने इंजिन बंद करून जाणं याचा अर्थ एकच, तो मागणी घालायला आला आहे.

तुमिरान इंजिन बंद करायचा नाही. आणि निघायचाही नाही.

ती कपड्यांचं बोचकं घेऊन उतरायची. हा पहिला गिअर टाकायचा, क्लच तळाशी, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं, हा निघालाच. ती वळणाआड दिसेनाशी व्हायची. मग आम्ही थांबायचो. तिच्या नवऱ्यामागे राहिलेलं एक कवडं होतं, त्याचा पिंजरा ती रोज सकाळी उंच बांबूवर चढवायची. कौलांच्या वर तो पिंजरा हळूहळू दिसू लागला, टोकाला जाऊन थांबला, की तुमिरान पाय उचलायचा आणि गाडी हिसका देऊन सुटायची.

कमानीशी झाडणाऱ्या बायका काय सोडतात?

"कांग, तुमच्या गाडीला उभं राहायला येत नाही का?"

"निघालो, निघालो."

"मागच्या लेबारानच्या ईदपासून निघालायत!"

त्याचे कान लाल व्हायचे. मी म्हणायचो, "अरे, निदान गिअर तरी काढ. पाय दुखेल."

"गिअर काढला तर बसलोय असं दिसेल, राणी."

"आणि आत्ता काय दिसतंय?"

"आत्ता मी चाललोय," तो गंभीरपणे सांगायचा.

गायला बसलो की माझा कान सुरावर असतो, तसाच तो गाडीच्या आवाजावरही असे. एका सकाळी जाणवलं, त्याने क्लच दाबला की इंजिनाचा सूर खाली उतरतो. दमलेल्या गायकाने शेवटच्या ओळीला उतरवावा तसा. पाय सोडला की पुन्हा चढतो. आम्ही कोह स्वीच्या गॅरेजमध्ये गेलो. कोह स्वी आमच्या प्रत्येक खेळाला पहिल्या रांगेत बसणारा, माझ्या मूर्च्छेला हमखास शिट्टी मारणारा चिनी म्हातारा. त्याने मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं, तुमिरानला बॉनेटपाशी उभं केलं आणि ओरडला, "राणी, क्लच दाब! सोड! दाब! आता बघ रे, पुढची पुली बघ."

मी दाबला की पुली पुढे यायची. सोडला की मागे.

"नमस्कार करतेय तुला," कोह स्वी म्हणाला. "सगळा क्रँक पुढेमागे हलतोय. तू क्लच दाबतोस तेव्हा तो जोर कुठे जातो? क्रँकवर. त्याला जागेवर धरायला आत अर्ध्या चकतीसारखी दोन बेअरिंगं असतात, बोटाएवढी. गिअर बदलण्यापुरता जोर ती सोसतात. तू तर त्यांच्यावर मुक्काम ठोकतोस. सकाळी गाडीसुद्धा क्लच दाबूनच चालू करत असशील?"

"सवय आहे."

"वर तेल पोचलेलं नसतं रे तेव्हा, कोरडी घासतात. उभा कुठे राहतोस इतका?"

तुमिरान कोह स्वीच्या लवंगी सिगारेटकडे बघत राहिला. मीच म्हणालो, "कावुमानच्या गल्लीत."

"हां," कोह स्वी हसला. "म्हणजे कासियेमने खाल्ली माझी बेअरिंगं."

त्याने नवी घातली आणि बजावलं, "थांबायचं तर न्यूट्रल, पाय जमिनीवर. नाहीतर घरी जा." चार दिवस तुमिरानने ऐकलं. पाचव्या दिवशी पाय परत तिथेच. पुढल्या खेपेला कोह स्वी चेष्टा करायच्या मनःस्थितीत नव्हता. बेअरिंगं ज्या खाचेत बसतात ती खाचच झिजली होती. "हे मी बसवतो आहे ते कागदाची घडी घालून टेबल डुगडुगू न देण्यासारखं आहे," तो म्हणाला. "यानंतर माझ्याकडे आणू नकोस."

त्याच वर्षी कासियेमच्या भावाने तिला सामारिंदाला बोलावलं. त्याचं तिथे शिवणकामाचं दुकान होतं. रोजे सुरू झाले की आमचे खेळ बंद, आणि तेव्हाच सुराबायाहून बोट पकडून ती जाणार होती. विंगेत माझ्या पदराला टाका घालताना तिने सांगितलं. मी विचारलं, "जायलाच हवं?"

"इथे थांब म्हणणारं कुणी आहे का?" ती दाताने दोरा तोडत म्हणाली. "असला तर अजून रस्त्यावरच आहे."

मी ते जसंच्या तसं तुमिरानला सांगितलं. निरोप पोचवणारी सखी मी आयुष्यभर केली आहे, एवढ्या मनापासून कधी केली नव्हती. तो म्हणाला, "शेवटच्या खेळानंतर. त्या सकाळी बंद करेन इंजिन."

"शप्पथ?"

"शप्पथ."

त्या सकाळी तो बाटिकचा सदरा घालून आला होता, केसांना तेल लावलं होतं. ढोलकीवाल्याने "कांग, सुंता कुणाची आहे?" असं विचारलं, तेही त्याने हसून घेतलं. एकेकाला सोडत आम्ही गल्लीशी आलो. मी मुद्दाम झोपेचं सोंग घेतलं, एक डोळा उघडा ठेवून. कासियेम उतरली. बोचकं कडेवर घेतलं, पण चालायला लागली नाही. कमानीखाली उभी राहिली. बायकांचे झाडू थांबले.

तुमिरानचा हात किल्लीकडे गेला. पाय मात्र सवयीने क्लचवर, तळापर्यंत. तिथे हात थांबला. किती थांबला ते मला सांगता येणार नाही. रंगमंचावर इतका विराम घेतला असता तर पडदा पाडला असता कुणीतरी. आणि मग खालून लोखंडाने लोखंड खरवडल्याचा आवाज आला, गाडी एकदा थरथरली आणि इंजिन आपोआप थांबलं.

त्या गल्लीने तुमिरानच्या गाडीची शांतता पहिल्यांदाच ऐकली.

"अगंबाई, बंद केलं!" एकीने झाडू टाकून टाळी वाजवली. "कांगने बंद केलं! या आत, या! गल्लीप्रमुख जागे आहेत!"

मी डोळे बंद करून मनात म्हणालो, जा. देवाने ढकललंय, जा आता. कोण विचारतंय?

तुमिरान खाली उतरला. सदरा सारखा केला. सगळ्या बायका बघत होत्या, ती बघत होती. आणि हा माणूस, ज्याला आयुष्यात एक वाक्य धड बोलता आलं नाही, स्पष्ट आवाजात म्हणाला, "मी बंद केलं नाही. बंद पडलं."

कुणीच हसलं नाही. बायका एकेक करून झाडायला लागल्या. कासियेम आत गेली. मला वाटलं, संपलं. पण थोड्या वेळाने ती परत आली, हातात झाकणाचा पेला, चहाचा. एका पोराला कोह स्वीकडे पिटाळलं होतं, त्याची ओढगाडी यायची होती. तुमिरान कमानीच्या अलीकडे उभा राहिला आणि ती पलीकडे.

"खोटं बोलता आलं असतं," ती हळू म्हणाली.

"तुझ्या दारात पहिलं पाऊल खोट्याने टाकू?"

"मग खऱ्याने कधी टाकणार होता?"

त्याने पेल्याकडे पाहिलं. "आजच. हात किल्लीवर होता."

"मी पाहिला हात," ती म्हणाली. "तिथेच होता."

तो चहा पीत राहिला. ती पेला परत घ्यायला उभी होती. पेल्याशिवाय आत गेली असती तर गल्लीला नवं कोडं पडलं असतं. लांब वळणावर ओढगाडीचा भोंगा वाजला. मला खिडकीतून सरळ दिसत होतं, पेला कधीचाच रिकामा होता, तळाला चहातल्या जाईच्या पाकळ्या चिकटल्या होत्या.

"संपला ना?" तिने हात पुढे केला.

"आहे अजून थोडा," तुमिरान म्हणाला, आणि पेला पुन्हा ओठांना लावला. तिने हात मागे घेतला, आणि ती थांबली.