डब्यात उरलेला ठोकळा

शिला राठोड आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली, तेव्हा तिची गादी आणि पत्र्याची पेटी माझ्या लेकीनं, प्रतिक्षानं, ओढत वर नेली. कुलूप लावलेल्या निळ्या बॅगेला मात्र शिलानं कुणाला हात लावू दिला नाही. त्या बॅगेत काय असेल, हे पुढं कितीतरी दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

शिला सेनगावकडच्या बंजारा तांड्यावरची. मानसशास्त्रात एम. ए. करत होती. शेवटच्या वर्षी शाळेत जाऊन, लेकरं अभ्यासात काहून अडतात ते तपासायला शिकायचं, म्हणून हिंगोलीत आलेली. तांड्यावर तिला ‘डोक्याची डॉक्टरीण’ म्हणत. सुट्टीत घरी गेली की म्हाताऱ्या गुडघेसुद्धा घेऊन यायच्या. एकीनं तर विचारलं होतं, सुई देत न्हाईस तर मग शिकून राहिलीस काय? हे सांगताना ती स्वतःच पोट धरून हसायची.

बॅगेत होते लाल-पांढरे ठोकळे, चित्रांची कार्डं आणि वेळ मोजायचं घड्याळ. सराव म्हणून ती एकदा प्रतिक्षाला समोर घेऊन बसली. मी दारातून बघत होते. कार्डावरची नक्षी ठोकळ्यांनी जुळवायची. पोरगी अडली तेव्हा मला राहवेना, पण शिलानं नुसतं बोट ओठांवर ठेवलं. अडलेल्या लेकराला मदत न करणं, हे तिचं सगळ्यात अवघड शिक्षण होतं. घरी जरा कुणाला ठेच लागली तरी धावणारी पोरगी ती.

शाळेतल्या लेकरांची नावं ती कधी सांगायची नाही. त्यामुळे तिसरीतल्या त्या मुलीला मीच मिना म्हणते. मिना वर्गात गप्प बसायची. वर्गशिक्षकांचं मत पक्कं झालं होतं की ही मंद आहे, हिला दूरच्या विशेष शाळेच्या वसतिगृहात पाठवावं. आईबाप परगावी कामाला होते, मिना आजीपाशी, गावालगतच्या तांड्यावर. आजीनं निरोप धाडला होता, लेकरू नजरेआड जाणार असेल तर शाळाच नको. शिलाच्या तपासणीवर ते ठरणार होतं.

पहिल्या तपासणीत बुद्ध्यांकाचा आकडा फार खाली आला. शिला जेवायला खाली आली तर ताटाकडे लक्षच नाही. मिनानं ऐकलेले आकडे सरळ आणि उलटे बराबर म्हणून दाखवले होते, गोष्ट लक्षात ठेवली होती. ठोकळ्यांची मात्र एकही नक्षी पुरी केली नव्हती. प्रत्येक वेळी एक कोपरा मोकळा. झालं का विचारलं की मान डोलवायची. आणि हवा तो ठोकळा तिच्या समोरच्या डब्यात पडलेला असायचा.

“दिसत नसेल तिला,” मी म्हणाले.

“दिसतो, काकू. हात लावून परत ठेवते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ काढत होते. शिला चहाचा कप विसळायला आली आणि डब्यात डोकावून तशीच थांबली.

“काकू, ते मूठभर काहून ठेवलं?”

मी सांगितलं, डबा पार रिकामा करायचा नसतो, नवं पीठ त्याच्यावरच ओतायचं. त्यात काय विचारायचं? ती कप हातात धरून उभीच राहिली. मग आईची आठवण होऊन हळूच म्हणाली, “माझी याडीपण ठेवते. हॉस्टेलात राहून मी विसरूनच गेले होते.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती मिनाच्या घरी गेली. चुलीपाशी आजी, आणि ज्वारी काढून देणारी मिना. पोरीनं डब्यात मूठभर दाणे ठेवले आणि झाकण लावलं. शिलानं तिला गोरमाटीत, त्यांच्या बोलीत, सहज विचारलं, ते ठोकळे पण असेच ठेवले होते का? मिनानं आजीकडे बघितलं, मग मान डोलवली. शाळेतला ठोकळ्यांचा डबा आपल्या हातानं रिकामा करायला तिला भीती वाटली होती.

पुढच्या वेळी शिलानं डब्यात एक ठोकळा जास्तीचा टाकला. मिनानं नक्ष्या झरझर जुळवल्या. डब्यात एक उरला, तो तिनं नीट कोपऱ्यात सरकवला.

पण हे नियमात बसत नव्हतं. नांदेडहून तिच्या अभ्यासाच्या गाईड मॅडम आल्या त्या दिवशी शिला घासभरही जेवली नाही. संध्याकाळी परतली ती पायरीवरच बसली. मॅडमनी विचारलं होतं, नियमाबाहेर काहून गेलीस? हिनं सांगितलं, नियमानं निघालेला आकडा तसाच वर लिहिलाय, हा खाली, वेगळा. मॅडमनी मिनाला बोलावलं. स्वतः मिनासमोर बसल्या, जास्तीचा ठोकळा टाकला आणि बघत राहिल्या. मग अहवालातली सरांची वसतिगृहाची शिफारस खोडली. मिना याच वर्गात राहील, दुसऱ्या चाचणीनं पुन्हा तपासा, आणि सरांनी तिच्याशी बोलत जावं, असं लिहिलं.

“मग तोंड काहून पाडून बसलीस?” मी विचारलं.

“जाताना मॅडम म्हणाल्या, ही पोरगी तुझ्यासारखीच तांड्यावरची, म्हणून सापडलं. उद्या दुसऱ्या गावचं, नरसीचं, डोंगरकड्याचं लेकरू समोर बसलं, तर त्याच्या घरातलं तुला कसं कळेल?”

“तू काय म्हणालीस?”

ती उठली, माझ्यामागं स्वयंपाकघरात आली आणि पाट ओढून बसली. “काकू, तुमच्याकडं आणखी काय काय करत न्हाईत?”

मी सांगायला लागले. तव्यावरची पोळी करपली तरी तिचे प्रश्न सरेनात.