दहिवडी ते सांगली: नातीची फायनल आणि माझा आरडाओरडा

उशीर झाला, माफ करा. सांगलीच्या कॉलेज कुस्त्यांना कसं जायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं आणि मी गप्प राहिलो. डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर मोबाईलला हात लावू देईनात. तेच ऑपरेशन आधी उरकलं असतं तर पुढचा घोळच झाला नसता.

माझी नात सायली कॉलेजात कुस्ती खेळते. या वेळी जिंकली तर राज्य स्पर्धेला जायचं, हरली तर कुस्ती बंद, असं तिच्या बापानं मुंबईहून फोनवर बजावलेलं. मला आठवडाभर झोप नाही.

थेट गाडीची वाट बघू नका. पहाटे मायणीवरून विट्याला जा, तिथं गाडी बदला. ती बाई म्हणून आणि मी म्हातारा म्हणून, दोघांनाही अर्धं तिकीट. खिडकीची काच मात्र बंद होत नव्हती, कान गारठले. कुस्तीआधीचं वजन होईपर्यंत सायली पाण्याचा घोटही घेईना. मी लाडवाचा डबा उघडला तर म्हणाली, "आजोबा, झाका त्यो. वासानं बी वजन वाढंल माजं."

सांगली स्टँडवरून रिक्षा करा, पण भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही, म्हणून सांगतो. हॉलमध्ये पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी अडवलेल्या, पाहुण्यांचा पत्ता नाही. आम्हा घरच्यांना पार मागं बसवलं. नावं पुकारायच्या भोंग्याची नुसती खरखर. मातीतली कुस्ती बरी, पैलवान हाताच्या अंतरावर दिसतो. इथं मॅटवर एक लाल पोशाख, एक निळा. सकाळच्या दोन्ही कुस्त्या सायलीनं लाल घालून मारल्या.

फायनल आष्ट्याच्या पोरीशी होती. लाल पुढं आली आणि मी उभाच राहिलो. "पोरी, डावा पाय धर! डावा!"

पोरगी गुणाची. ऐकलं की लगेच डाव्या पायात शिरायची. पण निळी आधीच पाय मागं घेऊन तिच्या पाठीवर जायची. तीनदा तेच झालं. शेवटी पंचांनी निळीचा हात वर केला आणि मी ओरडलो, "पंच आंधळा हाय का?"

शेजारच्या माणसानं विचारलं, "आवं आजोबा, नात कंची तुमची?"

"ती काय, लाल!"

"लाल आष्ट्याची हाय. दहिवडीची निळी. जिंकली की तुमची नात!"

मी मटकन खाली बसलो. फायनलला रंग बदलतो हे मला कुणी सांगायचं?

सायली कपडे बदलायला गेली होती, तेवढ्यात ती लाल पोशाखातली पोर पायऱ्या चढून वर आली आणि माझ्या पाया पडली. "आजोबा, तुमीच वरडत हुता न्हवं? माज्या घरचं कुनीच आलं न्हाई. लय बरं वाटलं."

खरं न सांगताच मी पिशवी उघडली. घरी न्यायला घेतलेला भडंगाचा पुडा तिच्या हातात दिला. ती गेली.

परतीच्या गाडीत सायली हसून बेजार. "तुमी तिला सांगत हुता, मी ऐकत हुते. दुसरा कोच कशाला पायजे?" आता गावभर हेच सांगत फिरते. लोक मला डोकेबाज म्हणतात आणि माझं डोकं आणखी उठतं.

मुलाचा फोन आला, सायलीची कुस्ती चालू राहिली. आनंद आहेच. पण नवीन डोळ्यांनी भिंतीवरचं पदक बघितलं की ती पोर दिसते. तिच्याकडून एकटाच माणूस ओरडत होता, आणि तोही तिचा नव्हता.

तिचं नाव इथं लिहीत नाही, उगाच चर्चा नको. आष्ट्याची आहे, बुटांना पिवळ्या नाड्या होत्या. कुणाच्या ओळखीची असेल तर तिला हे वाचून दाखवा आणि ती काय म्हणाली ते मला लवकर कळवा. शिव्या दिल्या असतील तर त्याही कळवा.