फरशीवर तीन थेंब

माझी लेक स्वित्झर्लंडच्या ज्या टोकाला राहते तिथे लोक इटालियन बोलतात. लुगानो हे तिचं गाव. समोर तळं, मागे डोंगर, आणि आगगाडीत बसलं की थोड्याच वेळात इटली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी तीन महिने तिच्याकडे राहून आलो. वाशीमला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "सर, काय काय पाहिलं?" मी चर्च सांगतो, तळं सांगतो, बर्फाचे डोंगर सांगतो. खरं म्हणजे मी तिथे बिअर पाहिली.

तो मुलूख वाइनचा. लेकीनं पहिल्याच आठवड्यात मला दोन-तीन ठिकाणी वाइन पाजली. मला ती आंबट लागली, पण पाजणारी लेक होती म्हणून तोंड वाकडं न करता संपवली. मग एका शनिवारच्या बाजारात एका माणसानं छोट्या पेल्यातून बिअर चाखायला दिली. त्यानं ती स्वतःच, गोठ्याएवढ्या जागेत केलेली. जराशी गढूळ, आधी कडू आणि मागून भाजलेल्या धान्याची चव. आपल्याकडे बाटलीत मिळते ती बिअर आणि ही, यांचं नातं फक्त नावापुरतं होतं.

त्या दिवसापासून मला नाद लागला. अशी हातानं केलेली बिअर कुठे कुठे मिळते ते मी लेकीकडून फोनवर शोधून घ्यायचो आणि सुट्टीच्या दिवशी तिलाच सोबत ओढायचो. कधी पिवळ्या बसनं डोंगरातल्या खेड्यात, कधी सीमेपलीकडे कोमोच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी मी आत जाऊन पिंपं पाहायला मागायचो. पाणी कुठलं, खमीर कोणतं, किती दिवस आंबवता, सगळं विचारायचो. मी विज्ञानाचा मास्तर, त्यामुळे हे शोभूनही जायचं.

"बाबा, लोक इथं चित्रं पाहाले येतात," लेक म्हणायची, "आन तुमी पिंपात डोकं घालून राह्यले."

"त्यात रसायनशास्त्र हाय," मी म्हणायचो.

रसायनशास्त्र कसलं डोंबलाचं! मी वासामागे फिरत होतो. आंबत असलेल्या धान्याचा तो गोड-आंबट, जड वास नाकात शिरला की मला एकदम बरं वाटायचं आणि लगेच चोरी पकडल्यासारखं व्हायचं. हे दोन्ही एकाच वेळी का होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. लेकीला ठाऊक नव्हतं, कारण मी तिला ते कधी सांगितलंच नव्हतं.

माझी आई मोहाची दारू गाळायची. मानोऱ्याजवळचा आमचा तांडा. आईला आम्ही याडी म्हणतो. बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचा तो उन्हाळ्यातच परतायचा, आणि मधले महिने घर याडीच्या भट्टीवर चालायचं. ती पहाटे मोहाची फुलं वेचून आणायची, अंगणात वाळवायची, मडक्यात भिजत घालायची. नाल्याच्या काठाला तिची भट्टी होती. नवसागर टाकला की माल लवकर होतो, पण ती टाकत नसे. म्हणे, लोकांच्या पोटात जाते, आपल्याले पाप नको. माझी शाळा, माझं कॉलेज, माझी बी.एड. सगळं त्या भट्टीतून निघालं.

आणि मला तिची लाज वाटायची. मानोऱ्याच्या शाळेत पोरं माझ्या शर्टाचा वास घेऊन हसत. पोलीस तांड्यात आले की मी आधी पुस्तकं घेऊन पळायचो. नोकरीची ऑर्डर आली त्या दिवशी मी नाल्यावर गेलो. याडी भट्टी पेटवून बसली होती. मी म्हणालो, हे आजच्या आज बंद कर, मास्तरची माय दारू गाळते असं कोणी म्हटलेलं मला चालणार नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं जाळ विझवला, दगड उचलला आणि मडकं स्वतःच्या हातानं फोडलं. पस्तीस वर्षांवर झाली त्याला. पुढे मी तिला वाशीमला घरी आणलं. तिनं नातीला वाढवलं, पण भट्टीचं नाव ना तिनं काढलं ना मी. लेकीला सांगितलं होतं, आजी मोलमजुरी करायची.

तर त्या मुलुखातल्या शेवटच्या आठवड्यात आम्ही एका डोंगरी खेड्यात गेलो. तिथे चेस्टनटची बिअर मिळते असं कळलं होतं. चेस्टनट म्हणजे काटेरी बोंडातलं तपकिरी फळ, भाजलं की रताळ्यासारखं गोड लागतं. बिअर करणारी बाई माझ्याच वयाची असेल. दगडी गोठा होता, त्यात तिनं पिंपं बसवली होती, आणि फरशी अशी धुतलेली की जेवायला बसावं. भिंतीवर एका म्हातारीचा फोटो होता. ती तिची आजी. बाई बोलायची, लेक मराठीत सांगायची.

बाई म्हणाली, या डोंगरात पूर्वी गहू पिकत नसे. गरीब लोक वर्षभर चेस्टनटवर जगायचे. तिची आजी ती गोळा करून धुरावर आठवडेच्या आठवडे वाळवायची. पुढे बरे दिवस आले तेव्हा बाईच्या आईला आपण हे खाल्लं असं सांगायचीही लाज वाटे. आता ही त्याच फळांची बिअर करते आणि बाटलीवर आजीचं नाव छापते. मी बाटली हातात घेऊन ते नाव बराच वेळ पाहत राहिलो.

तिनं दोन पेले भरले. मी माझा उचलला, बोट बुडवलं आणि तीन थेंब फरशीवर उडवले.

आमच्या तांड्यात पहिला घोट घेण्याआधी थेंब उडवतात. देवीचे, गेलेल्या माणसांचे. मी पिणं शिकायच्या कितीतरी आधी बाप्यांचं पाहून हे शिकलो होतो. हात आपोआप जातो. वाशीममध्ये मी ते टेबलाखाली उरकतो.

बाईचा चेहरा बदलला. तिला वाटलं पेल्यात काहीतरी पडलं होतं. तिनं माझ्या हातून पेला घेतला, उजेडात धरून पाहिला, ओतून दिला आणि दुसरा पेला धुऊन, पुसून, भरून दिला. मी ओशाळलो. आणि ओशाळलेल्या माणसाचा हात स्वतःच्या ताब्यात नसतो. मी पुन्हा तीन थेंब उडवले.

आता ती खरंच दुखावली. हात कमरेवर ठेवून लेकीला काहीतरी भराभरा बोलली. लेक लालबुंद झाली.

"बाबा, काय करून राह्यले तुमी? ते म्हनते, पाहुण्याले माही बिअर घाण वाटत असंन तं सरळ सांगा, माह्या फरशीवर काहून फेकता?"

थाप मारणं सोपं होतं. हात ओला होता म्हणालो असतो तर निभलं असतं. पण समोर भिंतीवर ती म्हातारी होती, आणि तिची नात डोळ्यांत पाणी आणून उभी होती. मी लेकीला म्हणालो, "तिले सांग, हे आमच्याकडचं मानाचं हाय. चांगली असंन तं आदी देवाले अन् आमच्या मेलेल्या माणसाईले देतात. सांग, माही माय मोहाच्या फुलाची दारू गाळे. बारा गावात तिच्यासारखी कोनाची नव्हती."

भाषांतर करणारी मधेच थांबली तर समोरच्याला वाटतं शब्द सापडत नाही. बाई वाट पाहत होती.

"आजी?" लेकीनं हळूच विचारलं. "आपली आजी?"

"व्हय. तिच्याच भट्टीवर मी शाळा शिकलो. सांग तिले."

तिनं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं, मग स्वतःच्या पेल्यात बोट बुडवलं आणि फोटोच्या दिशेनं तीन थेंब उडवले. स्वच्छ फरशीवर. आई अजून आहे हे कळल्यावर तिनं एक बाटली कागदात गुंडाळून दिली, तुमच्या आईसाठी म्हणून.

परतीच्या बसमध्ये लेक खिडकीबाहेर बघत बसली होती. बाहेरच बघत म्हणाली, "मले काहून नाई सांगतलं?" मी म्हणालो, लाज वाटत होती. "आजीची?" तिनं विचारलं. मी होकाराची मान हलवली. ती म्हणाली, "मले आता तुमचीच वाटून राह्यली." बोलली ते खरं होतं, म्हणून मी रागावलो नाही.

परदेशी बाईला जे पाच मिनिटांत सांगून टाकलं ते याडीला सांगायचं राहिलं होतं. ती ऐंशीच्या पुढे गेली आहे. कधी कधी ती मला बापाच्या नावानं हाक मारते. ती मला ओळखते आहे तोवर बोलायचं, असं मी विमानातच ठरवलं. तरी घरी आल्यावर आठ दिवस बाटली कपाटातच होती. बायको म्हणाली, "आनली कायले मंग?"

एका सकाळी ऊन अंगणात आलं होतं. याडी बाजेवर बसली होती. मी बाटली उघडली, पेल्यात थोडी ओतून तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. डोंगर, बाई, तिची आजी, थेंब. ती आमच्या बोलीत बोलते, मी इथे तिचं वऱ्हाडीत लिहितो आहे.

तिनं आधी वास घेतला. बोट बुडवून तीन थेंब मातीत टाकले. मग एक घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि पस्तीस वर्षांत मी पाहिला नव्हता असा कसबी माणसाचा चेहरा करून म्हणाली, "आंबवलं चांगलं. घाई नाई केली बाईनं."

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "मी तिले सांगतलं, माह्या मायसारखी बारा गावात कोनाची नव्हती."

याडीनं माझ्याकडे पाहिलं. "तुले कसं ठाऊक?"

"म्हंजे?"

"तुनं तं कधी चाखलीच नाई."

मी म्हणालो, लोक सांगायचे. ती म्हणाली, लोक तर सांगायचेच.

मग पेल्याकडे बघत, आवाज न चढवता ती म्हणाली, "तुही ऑर्डर आली त्या दिवशीची भट्टी दारू इकाले नव्हती. तुह्यासाठी लावली होती. साऱ्या तांड्याले पाजाची होती. पोरगं मास्तर झालं म्हून. आदी देवीले देऊन पयला घोट तुलेच देनार होती."

आत बायकोनं नळ सोडला होता, त्याचा आवाज येत होता. इतकी वर्षं मी समजत होतो की त्या दिवशी मी तिचा धंदा बंद पाडला.

"याडी, माहं चुकलं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं."

आणि पेला पुढे केला. "थोडी आनिक टाक."