सोळा इंचाची चाकं

पुसदला वाशीम रोडवर टायरची दोन दुकानं समोरासमोर आहेत आणि ती सख्ख्या भावाबहिणीची आहेत. उजव्या हाताचं काचेचं, भिंतीवर चकचकीत अलॉय चाकं टांगलेलं, ते आमिरचं. डाव्या हाताला टिनाचं शेड, एक जुना कंप्रेसर आणि कपाळावर कायम आठी घेऊन बसलेली पन्नाशीची बाई, ते गझालाचं. मधला रस्ता पंचवीस पावलांचा असेल. नऊ वर्षांत दोघांपैकी एकानंही तो ओलांडून पलीकडच्या दुकानात पाय ठेवला नव्हता.

दोघांचा बाप निजामुद्दीन. त्याचं दुकान तेव्हा आमिरच्या काचेच्या जागीच होतं. गझाला बाराव्या वर्षापासून त्याच्याजवळ बसून पाण्याच्या टाक्यात ट्यूब बुडवायची आणि बुडबुडे कुठून येतात ते दाखवायची. एकोणिसाव्या वर्षी उमरखेडला तिचं लग्न झालं. तीन वर्षांनी एक पेटी घेऊन ती परत आली. काय झालं ते तिनं सांगितलं नाही, बापानंही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तिच्या हातात टायर उचकटायची टॉमी दिली. "घरी बसशीन तं लोक विचारतीन," तो म्हणाला. "इथं बस. इथं फक्त पंक्चर विचारते."

पुढची वीस वर्षं ती तिथंच होती. ट्रकचा टायर रिंगवरून एकटी उतरवायची. आमिर तिच्याहून सहा वर्षांनी लहान. तो दुकानात यायचा तो गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवायला, आणि ते त्याला सुरेख जमायचं. बाप गेला त्याच्या चाळीस दिवसांच्या आतच दुकानाला 'आमिर टायर्स' अशी नवी पाटी लागली. आमिर म्हणाला, आपा, तू आता घरी आराम कर, बाई माणूस हातात पाना घेऊन बसते म्हणून लोक हसतात. बापाचा जॅक, टॉमी आणि चाकाचा पाना गझालानं डोक्यावर घेतला, रस्ता ओलांडला आणि समोर टिनाचं शेड भाड्यानं घेतलं.

तिचा स्वभाव आधीच तिखट होता, आता तो कडू झाला. गिऱ्हाईक म्हणजे देव वगैरे तिला मान्य नव्हतं. टायर घासून गुळगुळीत झालेला असेल तर ती हवा भरायला नकार द्यायची. "घरी लेकरं हायेत ना? मंग जा, नवा टायर घेऊन ये." ट्रॅक्टरवाले, ऑटोवाले शिव्या घालत जायचे आणि परत यायचे, कारण तिनं बसवलेलं चाक निघत नसे.

गेल्या सप्टेंबरात धनसिंगची लाल गाडी आली. धनसिंग महागावकडचा रस्त्यांचा कंत्राटदार, धिप्पाड माणूस. त्यानं हैदराबादच्या एका घराण्याकडून १९६८ सालची विलायती गाडी आणली होती. दोन माणसांची, बिनटपाची, जमिनीला टेकलेली बुटकी गाडी. पत्रा अजून कुठं चेपलेला नव्हता. पण तिची तेरा इंचाची चाकं धनसिंगला डाचत होती. "लेकराच्या सायकलीचे वाटते," तो आमिरला म्हणाला. "मोठे टाक. रुंद, चमकते."

आमिरनं सोळा इंचाची अलॉय दाखवली. गाडीच्या नटांची आणि नव्या चाकांची भोकं जुळत नव्हती, म्हणून मधे घालायच्या जाड पट्ट्या त्यानं अकोल्याहून लेथवर करून मागवल्या. त्या येईपर्यंत दोन दिवस गाडी त्याच्या दुकानासमोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी धनसिंग चहा प्यायला रस्त्याच्या या बाजूला आला आणि चहाचा ग्लास हातात घेऊनच गझालाच्या शेडासमोर थांबला.

"तू निजामुद्दीनची पोरगी ना? सांग बरं, सोळाची चाकं त्या गाडीले शोभतीन का नाही?"

गझाला ट्रॅक्टरच्या ट्यूबला पट्टी चिकटवत होती. तिनं वर पाहिलं नाही. "शोभतीन. चालणार नाही."

"काहून?"

"चाक बोटभर उंच होते, म्हणजे वरची जागा बोटभर कमी. त्यात मधात पट्टी टाकून राह्यले, म्हून चाक तेवढंच बाहेर येते. मडगार्डाची कोर सरळ टायरच्या डोक्यावर. सपाट रस्त्यानं नाही समजणार. गाडी खड्ड्यात बसली का टायर कापल. बेअरिंग मरन ते वेगळं. अन् काटा साठ दाखवन तवा गाडी पासष्टनं पळत असन."

धनसिंगला असं ऐकायची सवय नव्हती. "मी तुले भविष्य नाही विचारलं, बाई. शोभते का, एवढंच विचारलं."

"मंग मले कायले विचारता? घरी आरसा नाही का?"

चहाच्या टपरीवरची दोन माणसं हसली. धनसिंगचा चेहरा उतरला आणि मग तापला. तेवढ्यात आमिर पलीकडून मोठ्यानं बोलला, अर्थात धनसिंगशी. "शेठ, तिकडं कायले गेलते? माह्या दुकानात गिऱ्हाईक दिसलं का तिचं पोट दुखते."

गझालाही धनसिंगकडे पाहूनच म्हणाली, "त्याले सांगा, अब्बा शिकवत होते तवा तो पतंग उडवत होता."

धनसिंगनं ग्लास तिच्या ओट्यावर आपटला आणि निघून गेला.

संध्याकाळी पट्ट्या आल्या. चाकं बसली, पण गाडी जॅकवरून खाली उतरवताच पुढचे दोन्ही टायर कोरेला घासायला लागले. आमिरनं गॅसची ज्योत आणवली, कोर तापवली आणि हातोड्यानं आतून वर दुमडली. पन्नास-पंचावन्न वर्षं कुणी हात न लावलेला पत्रा. ठोक्यांचा आवाज गझालाला शेडात ऐकू येत होता. तिनं काम थांबवलं आणि दारात येऊन गुडघ्यांवर हात ठेवून तिकडे पाहत बसली. होऊ दे, तिच्या मनात आलं. एकदा होऊच दे.

चौथ्या दिवशी ते झालं. फुलसावंगीच्या रस्त्यावर एका रपट्याच्या, नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, उतारावर गाडी दाबली गेली, पुढचा डावा टायर फुटला आणि गाडी सोयाबीनमध्ये शिरली. धनसिंगला खरचटलं. शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचं, मथुराबाईचं, उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. बातमी टपरीवरून शेडात आली. ऐकताना गझालाला पहिल्यांदा जे वाटलं ते समाधान होतं, गार पाण्याच्या घोटासारखं. मनगटाचं तिच्या ध्यानात आलं ते नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनसिंग चार माणसं घेऊन तिच्या दारात उभा राहिला. त्याच्या कपाळावर पट्टी होती.

"चाकं बसल्यावर गाडी रातभर उघड्यावर होती. नट कोणं ढिले केले?"

गझालाला कळायला क्षणभर वेळ लागला. मग तिनं रस्त्यापलीकडे पाहिलं. आमिर काचेआड उभा होता. तिची नजर पडताच तो पाठमोरा झाला.

"हे त्यानं सांगतलं तुमाले?"

"कोणं सांगतलं ते सोड. तूच म्हणली होती ना, टायर कापल म्हून. तुले आधीच कसं माहीत?"

चौघांपैकी एकानं दारातल्या टायरांच्या थप्पीला लाथ घातली. वरचे दोन टायर घरंगळत रस्त्यावर गेले. गझाला उठली. तिच्या हातात टॉमी होती. "दुसरी लाथ मारजो," ती त्याला म्हणाली. "तोच पाय घेऊन दवाखान्यात जाशीन."

माणूस मागे सरला. धनसिंग म्हणाला, "दुकान बंद करून टाकीन तुह्यं."

"करजा. पयले गाडी आना इथं. आत नको. रस्त्याच्या कडेले, सगळ्यायसमोर."

गाडी आमिरच्या मागच्या अंगणात ट्रॉलीवरच होती. ती समोर आली तोवर पन्नासेक माणसं जमली होती. फुटलेला टायर चाकावर तसाच लोंबत होता. गझालानं बापाचा पाना धनसिंगच्या हातात दिला. "तुमीच पाहा. ढिले हायेत का?"

धनसिंगनं पहिल्या नटावर जोर लावला. नट हलला नाही. दुसरा नाही, तिसरा नाही. चौथ्याला त्यानं हात लावला आणि पाना खाली ठेवला.

मग तिनं टायरची कड उलटी करून दाखवली. वरच्या खांद्यावर गोल फिरत गेलेली स्वच्छ चीर होती, सुरीनं काढावी तशी, आणि चिरेत लाल रंग भरला होता. लाथ मारणारा म्हणाला, "गोटा लागला असन."

"गोट्याले लाल रंग असते का?" गझाला म्हणाली. तिनं टपरीवाल्याकडून पुऱ्यांसाठी मळलेल्या कणकेचा गोळा मागवला. ही बापाची रीत होती. उजव्या बाजूच्या मडगार्डाला आतून तिनं कणकेचा जाड थर चिकटवला, डावी बाजू जॅकवर बरोबरीत धरली, धनसिंगला स्टेअरिंगवर बसवलं, शेजारी लाथ मारणाऱ्याला, आणि दोघांना पुढच्या बंपरवर उभं केलं. "आता फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत."

धनसिंगनं स्टेअरिंग फिरवलं. घर्र असा आवाज झाला. ती सगळ्यांना उतरायला सांगून खाली वाकली आणि म्हणाली, "या. पाहा."

कणकेत टायरनं खोल चर पाडला होता आणि चराच्या तळाशी मडगार्डाची दुमडलेली कोर उघडी पडली होती, पात्यासारखी. एकेक जण वाकून पाहत होता. धनसिंगनं शेवटी पाहिलं. मग त्यानं आमिरकडे पाहिलं. आमिर आता गर्दीत येऊन उभा होता.

"चाकं बरोबर होती शेठ," आमिर म्हणाला. "रस्ते खराब हायेत आपल्याकडचे."

गर्दीतून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "तो रस्ता तं शेठनंच केला होता." लोक हसले. धनसिंगच्या कानशिलाची शीर उठली. आमिरला सोडून त्यानं गझालालाच दरडावलं. "ठीक हाय. जुनी चाकं लाव अन् सोड मले."

"मी नाही लावत. ज्यानं काढली त्यानं लावावी."

जुनी चाकं आमिरच्या दुकानाच्या मागे पडली होती. त्यानं ती एकेक करून घरंगळत रस्त्यापलीकडून आणली. चार खेपा. लोक बाजूला होऊन त्याला वाट देत होते आणि कुणी हात लावत नव्हतं. मग तो गुडघ्यावर बसून पट्ट्या काढू लागला. गझाला त्याच्या डोक्यावर उभी होती.

"समोरासमोरचे नट कस," ती म्हणाली. "गोल फिरू नको."

आमिरनं मान वर केली नाही. हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल असं बोलला. "झालं समाधान, आपा?"

"नट ढिले केल्याचा आळ घेतला तू माह्यावर. अब्बानं शिकवलेल्या हातावर."

"तू बद्दुआ दिलती. दारात बसून पाहत होती तू, मी ठोकत होतो तवा. मले दिसत होतं तुह्यं तोंड."

ते खरं होतं. त्यानं शेवटचा नट कसला. उठताना त्याच्या पँटच्या गुडघ्यांना ग्रीस लागलं होतं. पाना तिच्या हातात न देता त्यानं तो जमिनीवर ठेवला आणि परत गेला.

धनसिंगनं माफी मागितली नाही. वाकडी झालेली कोर तशीच घेऊन गाडी गेली, आणि त्याच्या कामावरच्या डंपर आणि ट्रॅक्टरवाल्यांना त्या शेडात थांबायचं नाही असा निरोप मिळाला. आमिरचं दुकान दहा-पंधरा दिवस ओस पडलं आणि मग पुन्हा भरलं, कारण चमकती चाकं हवी असणारे लोक कमी होत नाहीत. उलट गझालाकडची काही नेहमीची माणसं तुटली. पन्नास जणांसमोर एका बाईनं मोठ्या माणसाला वाकून बघायला लावलं, हे त्यांना रुचलं नव्हतं. तोंडावर कुणी बोललं नाही, फक्त ऑटो पुढं निघून जायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी मथुराबाई ऑटोतून उतरली. प्लास्टरमधला हात गळ्यात बांधलेला. ती शेडाच्या उंबऱ्यावर उभी राहिली आणि गझालाला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "तू हाय का ते टायरवाली?"

"कायले आल्या?"

"लोक काय म्हणते ते मले नाही पाह्यजे. तुह्या तोंडून ऐकायचं हाय. तू काही केलतं का गाडीले?"

गझालाला आधी वाटलं, हिला हाकलून द्यावं. कणीक पन्नास जणांनी पाहिली होती. पण बाई दुखऱ्या हातानं महागावहून आली होती.

"हात नाही लावला," ती म्हणाली. "पण गाडी फुटावी असं मनात आलतं. ते खरं हाय."

मथुराबाईच्या तोंडावर राग नव्हता.

"माह्याबी मनात आलतं," ती म्हणाली. "ती लाल आणली तवापासून. रोज धुतो तिले, स्वतःच्या हातानं. घरात कोणाले पानी इचारत नाही." तिनं गळ्यातली पट्टी सारखी केली. "फक्त आत मीच बसली असन, असं नोतं वाटलं."

गझालानं आपला स्टूल पायानं तिच्याकडे सरकवला आणि टाक्यातली ट्यूब पुन्हा बुडवली.