डाव्या हाताचा अर्ज

संशय घ्यायला मला फारसं निमित्त लागत नाही. आमटी पातळ लागली की आचाऱ्यानं डाळ घरी नेली असणार, असं मी पहिला घास गिळायच्या आत ठरवून टाकतो. त्यात बेळगावात आम्ही वकिली शिकत होतो ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे. वसतिगृहात चळवळीतली मुलं होती आणि पोलिसांना बातम्या पुरवणारीही असावीत, त्यामुळं कोण कुणाचा माणूस याचा भरवसा नव्हता. माझ्या स्वभावाला ती हवा चांगलीच मानवली.

आम्ही सगळे पदवीधर, बी. ए. होऊन कायद्याला आलेले. आमचे तिन्ही प्राध्यापक दिवसा कोर्टात वकिली करत, म्हणून वर्ग संध्याकाळी पाचला भरत आणि दिवेलागणीनंतर सुटत. खानावळीची चूल त्यानंतरच पेटे. मला त्याचं काही वाटत नसे. पण माझा खोलीतला सोबती निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याचा मुलगा, जैन. दिवस मावळल्यावर तो अन्नाला शिवत नसे, पाणीसुद्धा घेत नसे. सकाळची भाकरी फडक्यात बांधून ठेवायचा आणि चारला गार खायचा. पावसाळ्यात त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. डॉक्टरांनी दोन्ही वेळा ऊन मऊ भात सांगितला. खोलीत शेगडी पेटवायला बंदी आणि अशा तिघाचौघा जैन मुलांसाठी आचारी आधी चूल पेटवायला तयार नाही. वडिलांचं पत्र आलं, दिवाळीपर्यंत जेवणाची सोय झाली तर शिक, नाहीतर पेढीवर येऊन बस.

"आमच्या घरातली माणसं कोर्टात गेली ती भांडायला," तो मला म्हणाला. "मला काळा डगला घालून जायाचंय रं."

विद्यार्थ्यांच्या गाऱ्हाण्यांसाठी आमची पाच जणांची कमिटी होती. मी तिच्यात होतो तो मुख्यतः बाकीच्या चौघांवर नजर ठेवायला. वर्ग सकाळी सातला घ्यावेत, म्हणजे खानावळीची पंगत पाचला बसेल, असा अर्ज आम्ही केला आणि तो प्रिन्सिपॉलसाहेबांना द्यायला आमच्या पाचातल्याच सेक्रेटरीच्या हाती सोपवला. सेक्रेटरी आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, मोजकं बोलणारा. महिना होत आला तरी विचारलं की एकच उत्तर, "चाललंय. जरा दमानं घ्या."

मोजकं बोलणाऱ्या माणसावर माझा मुळीच विश्वास नाही. एका सकाळी दहाच्या सुमारास शहापुरात तो मला आमच्या एका प्राध्यापकांच्या घरातून बाहेर पडताना दिसला. ओले हात धोतराच्या सोग्याला पुसत होता. चार दिवसांनी दुसऱ्या प्राध्यापकांच्या ओसरीवरून उतरताना दिसला, तोंडात विडा. माझं डोकं फिरलं. आमचा माणूस पोट धरून पडलाय आणि हा त्याच्या जिवावर पंगती झोडतोय! खोलीवर येऊन मी सोबत्याला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी डाव्या हातानं प्रिन्सिपॉलसाहेबांना पत्र लिहिलं. कमिटीचा सेक्रेटरी प्राध्यापकांच्या जेवणाला विकला गेला आहे, आणि आठ दिवसांत वर्ग सकाळी भरले नाहीत तर सगळे विद्यार्थी संपावर जातील. खाली सही, एक पदवीधर. संपाचं कुणाच्या मनातही नव्हतं. मजकुराला वजन यावं म्हणून मी ते घातलं होतं, आणि खरं सांगतो, लिहून झाल्यावर ते वाक्य मी कौतुकानं दोनदा वाचलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा पाचही जणांना बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. त्यातला वाकड्यातिकड्या अक्षराचा मी लगेच ओळखला.

"तिन्ही प्राध्यापक सकाळी शिकवायला राजी झालेत," दुसऱ्या कागदावर बोट ठेवून साहेब म्हणाले. "यावर मी आज सही करणार होतो. आता केली, तर धमकीला वाकलो असं कलेक्टरांच्या कानावर जाईल. वर्ग आहेत तसेच राहतील. आणि तुमची कमिटी आजपासून बंद."

पत्र माझं आहे, संप ही थाप आहे, एवढं त्याच वेळी बोललो असतो तर कदाचित सही झाली असती. पण मला काढून टाकतील या भीतीनं माझी जीभ उचलली नाही. त्या भीतीची लाज मला आजही वाटते.

बाहेर व्हरांड्यात सेक्रेटरी पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलला. "सकाळी पक्षकारांचा गराडा असतोय प्राध्यापकांस्नी. पानावर बसल्याबिगर आपलं ऐकून घ्यायला सवड न्हाय, आणि पानाजवळ बसलं की मलाबी वाढत्यात. बोभाटा झाला तर सही न्हाय, असं साहेबांनी बजावलं हुतं, म्हणून गप हुतो." मग खाली बघत म्हणाला, "लिवणारा आपल्यातलाच असंल. त्याला हुडकायचं न्हाय, आणि आतलं बोलणं भाईर न्यायचं न्हाय. वरीस जाईल त्याचं."

तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याला कळलं असावं, हा संशय मला तेवढ्यावरूनच आला.

सोबत्याला मी एवढंच सांगितलं की साहेबांनी नाही म्हटलं. दिवाळीला आठ दिवस असताना त्यानं पुस्तकं मला दिली आणि बाकीचं सामान ट्रंकेत भरलं. निपाणीच्या मोटारीपाशी आम्ही पोचलो तर सेक्रेटरी आधीच येऊन उभा होता. त्यानं वाकून ट्रंकेच्या कडीला हात घातला.

"हात लावू नगंस," सोबती म्हणाला. "कुठं कुठं जेवून आलाय त्यो हात, ठाऊक हाय मला."

सेक्रेटरीनं कडी सोडली. एकदा माझ्याकडं पाहिलं आणि बाजूला झाला.

"तू धर रं," सोबती मला म्हणाला. "तुझ्याबिगर हितं कुणाचा भरवसा हाय मला?"

मी ट्रंक उचलली आणि मोटारीच्या टपावर चढवली.